पीक तगले म्हणजे माती शुद्ध झाली नाही

कृष्णाकाठच्या शिवारात अलीकडे एक सोयीचे वाक्य ऐकू येते. जमिनीत जड धातू उतरले असले तरी घाबरायचे कारण नाही, जिवाणू सोडा, ते धातू खाऊन टाकतात. कृषी प्रदर्शनातला स्टॉलवाला हे सांगतो, एखादा हौशी मार्गदर्शक सांगतो, आणि ‘पर्यावरणपूरक उपाय’ म्हणून त्याची भलामणही होते. सातारा-सांगलीतला शेतकरी ऊस, द्राक्ष, हळद आणि भाजीपाला यांवर जगतो. त्याच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. या वाक्यातला खरा भाग मला मोलाचा वाटतो. म्हणूनच त्याच्या आडून खोटा भाग खपवला जाऊ नये असे माझे म्हणणे आहे.

धातू खाऊन संपत नाही. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, तांबे ही मूलद्रव्ये आहेत. जिवाणू त्यांचे रूप बदलू शकतो, त्यांना अडकवू शकतो, हलवू शकतो. नाहीसे करू शकत नाही. तासगाव-मिरजेकडचा कुठलाही द्राक्ष बागायतदार हे प्रयोगशाळेत न जाता दाखवू शकेल. मोरचूद एका बॅरलमध्ये, चुना दुसऱ्यात, असे वेगवेगळे भिजवून तो बोर्डो मिश्रण करतो. चुना पुरेसा पडला का हे पाहायला विळ्याचे पाते किंवा लोखंडी खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून ठेवतो. पात्यावर तांबूस थर चढला की समजायचे चुना कमी आहे, अजून निवळी घालायची. तो तांबूस थर म्हणजे तांबेच. मघाशी निळ्या पाण्यात विरघळलेले होते, आता लोखंडावर येऊन बसले. चुना भरपूर झाला की तेच तांबे फिकट निळा साका होते आणि फवारणीतून पानावर, ओलांड्यावर, खोडावर जाते. पावसाने धुपून, पानगळीतून, छाटलेल्या काडीतून अखेर खाली मातीत उतरते. रंग बदलला, जागा बदलली, तांबे होते तेवढेच राहिले.

मग ‘जिवाणू खातात’ ही समजूत आली कुठून? याचे एक कारण आपल्या शेजारीच आहे. इचलकरंजीच्या कापड उद्योगातल्या रंगीत सांडपाण्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे काम केले. जिवाणू, बुरशी आणि वनस्पती वापरून कापडरंग मोडता येतात हे त्यांनी दाखवले. हे काम अस्सल आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण तिथे समोर असतो रंगाचा रेणू, म्हणजे कर्बाची साखळी. जिवाणूची विकरे ती तोडतात, तुकड्यांचे आणखी तुकडे करतात, आणि प्रक्रिया शेवटापर्यंत गेली तर पाणी आणि कर्बवायू उरतो. कीटकनाशकाच्या किंवा तेलाच्या बाबतीतही हेच. कॅडमियमला साखळीच नाही, मग तोडणार काय? रंगावरचे यश धातूच्या नावावर मांडणे हीच या प्रचारातली पहिली गल्लत.

तरीही जिवाणू काही करतच नाहीत असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमणार नाही. पेट्री डिशमधल्या अगारात कॅडमियमचा क्षार मिसळून त्यावर दूषित जागेच्या मातीचे पातळ केलेले पाणी पसरले, तर दोन-तीन दिवसांत बहुतेक जागा मोकळी राहते आणि मधूनच एखादी पिवळसर, चकचकीत वसाहत उमटलेली दिसते. बाकीचे मेले, ती जगली. ती का जगली हा फार सुंदर प्रश्न आहे. काही जिवाणूंच्या पेशीत आलेला धातू बाहेर फेकणारे पंप असतात. बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या टाकीतून १९७६ साली मिळालेला, आज क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स या नावाने ओळखला जाणारा जिवाणू या पंपांच्या अभ्यासामुळे जगभर माहीत झाला. काहींच्या पेशीभित्तिकेवर आणि चिकट आवरणावर धातूचे कण अडकून बसतात. काही जिवाणू गंधकाची संयुगे तयार करून धातूचा न विरघळणारा साका पाडतात. मुळाभोवती राहणारे काही जिवाणू एक वेगळीच मदत करतात. संकटात सापडलेले झाड इथिलीन जास्त बनवते आणि त्याने मुळांची वाढ खुंटते. हे जिवाणू इथिलीनचा कच्चा मालच फोडून टाकतात, मूळ वाढत राहते आणि पीक तगते. मायकोरायझा बुरशी मुळांची पोहोच वाढवते आणि काही धातू स्वतःच्या तंतूंत धरून ठेवते. हे सारे तपासलेले आणि वारंवार दिसलेले आहे. सातारा, कऱ्हाड, सांगलीच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी यावर काम करावे, जरूर करावे.

माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. धातू असलेल्या मातीत जिवाणू दिल्यावर रोप जास्त वाढले, पाने हिरवी राहिली, मुळे लांब झाली. एवढ्यावरून ‘प्रदूषणावर उपाय सापडला’ असे म्हणणे ही फसगत आहे. रोपाचे बरे चालले म्हणजे खाणाऱ्याचे बरे चालेल असे नाही.

अमेरिकी कृषी संशोधक रूफस चॅनी यांनी १९८० च्या सुमारास मांडलेली एक कल्पना इथे कळीची आहे. माती आणि पीक यांच्यामध्ये धातूंसाठी एक अडसर असतो, पण तो सगळ्या धातूंना सारखाच अडवत नाही. तांबे, जस्त, निकेल जमिनीत फार झाले तर माणसाला अपाय होण्याआधी पीकच पिवळे पडते, खुजे राहते, मरते. म्हणजे पीकच पहारा देते. शिसे बहुतांशी मातीला आणि मुळाला चिकटून बसते. कॅडमियम मात्र हा अडसर ओलांडते. पीक टवटवीत दिसते, वजन देते, बाजारात भाव खाते, आणि त्याच पानात माणसाच्या मूत्रपिंडाला आणि हाडांना घातक ठरेल इतके कॅडमियम साठलेले असू शकते. पालेभाजीत आणि जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांत ते जास्त सापडते, फळांत आणि बियांत त्यामानाने कमी.

आता याच्या शेजारी जिवाणू ठेवा. तांब्याच्या बाबतीत त्यांनी पिकाला तगवले तर ते बहुधा चांगलेच झाले. कॅडमियमच्या बाबतीत त्यांनी पिकाला तगवले आणि धातू मात्र पानात जाऊ दिला, तर आपण पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे ठेवले. आणि जिवाणू धातू अडवेलच अशी काही हमी नाही. लोह मिळवण्यासाठी जिवाणू जी संयुगे सोडतात, ती कधी धातूला बांधून मुळापासून दूर ठेवतात, कधी उलट मातीतून सोडवून मुळापर्यंत नेऊन पोहोचवतात. जमिनीतून धातू उपसून काढण्यासाठी धातू शोषणाऱ्या खास वनस्पती लावतात, त्यांच्या मुळाशी नेमके असेच जिवाणू देतात, का, तर वनस्पतीने जास्त धातू ओढावा म्हणून! ती वनस्पती खायची नसते, ती कापून धोकादायक कचरा म्हणून बाजूला काढायची असते. तोच गुण मेथीच्या वाफ्यात उपयोगाचा नाही, घातक आहे. बाटलीवरच्या चिठ्ठीवर एवढा फरक कुणी लिहून देत नाही.

हिरवे ते निर्मळ नव्हे, हे आपल्या द्राक्ष बागायतदारांना कुणी शिकवायला नको. २०१० साली महाराष्ट्रातली द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाटच्या अवशेषामुळे. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. घड देखणे होते, मणी टपोरे होते, गोडी होती. प्रयोगशाळेचा आकडा आला आणि कंटेनर थांबले. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत अवशेष तपासणी कुणी टाळत नाही. लंडन-रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी आपण मण्यातला अंश मोजतो. सांगलीच्या मंडईत येणाऱ्या पालकातले कॅडमियम मात्र मोजायचे नाही आणि ‘जिवाणू दिलेत, काळजी नको’ असे म्हणायचे, हे मला मान्य नाही.

या वाक्याचा दुसरा दोष असा, की ते आपल्या मातीकडे बघतच नाही. जगभरच्या प्रयोगांतले बरेचसे कुंडीतले असतात. काही किलो माती घ्यायची, तीत विरघळणारा धातूचा क्षार ओतायचा, काही आठवडे रोप वाढवायचे. त्या मातीत धातू ताजा आणि सुटा असतो. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातली काळी माती वेगळी आहे. ती बेसाल्टपासून झाली आहे, त्यामुळे तांबे, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच बऱ्यापैकी असते. तिचा सामू बहुधा आठच्या आसपास किंवा वर, चिकणमाती भरपूर, चुनखडी जागोजागी. अशी माती कॅडमियम-शिशासारखे धातू घट्ट धरून ठेवते. म्हणून नुसता एकूण धातूचा आकडा दाखवून शेतकऱ्याला घाबरवणेही चूक आहे, आणि त्या भीतीवर बाटली विकणे त्याहून चूक. पिकाला मिळू शकेल असा अंश किती, हे महत्त्वाचे.

आता विचार करा, स्फुरद विरघळवणारे जिवाणू काय करतात? ते सेंद्रिय आम्ले सोडतात आणि चुन्यात अडकलेला स्फुरद मोकळा करतात. ऊस उत्पादकाला त्याचा फायदा होतो, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने जिवाणू खतांचा प्रसार केला तो उगाच नव्हे. पण जे आम्ल स्फुरद सोडवते ते सोबतचा धातूही थोडाफार सोडवू शकते. स्वच्छ रानात याची फिकीर नको. ज्या रानात गेली कित्येक वर्षे शहराचे किंवा कारखान्याचे सांडपाणी फिरले आहे, तिथे आधी मोजल्याशिवाय असले जिवाणू ‘धातूवरचा उपाय’ म्हणून देणे बेजबाबदारपणाचे आहे.

आणि सांगलीचे खास दुखणे तर या चर्चेत येतच नाही. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत नदीकाठची कितीतरी जमीन अति पाण्याने आणि क्षारांनी चोपण-क्षारपड झाली आहे. पाण्यातला क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतो आणि त्याला मातीच्या पकडीतून सोडवतो. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात बटाट्याच्या शेतांवर झालेल्या अभ्यासात हे ठळकपणे दिसले, खाऱ्या जमिनीतल्या बटाट्यात कॅडमियम जास्त. म्हणजे आपल्याकडे क्षारपड रानात धातूची जोखीम कमी करायची असेल तर पहिला उपाय आहे भूमिगत निचरा, पाण्याचा ताळेबंद, ठिबक, आणि सेंद्रिय कर्ब वाढवणे. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने निचऱ्यावर जे काम उभे राहिले, त्याने जमिनी परत पिकाखाली आल्या. जिवाणूच्या बाटलीपेक्षा ते कितीतरी खर्चिक आणि कष्टाचे काम आहे. पण रोग तिथे असताना मलम दुसरीकडे लावून भागणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होईल.

बाटलीचा हिशेबही एकदा करून बघू. खत नियंत्रण आदेशात जिवाणू खते २००६ साली आली. द्रवरूप जिवाणू खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत अशी अट आहे. म्हणजे लिटरभर बाटलीत १० हजार कोटी. आकडा छाती दडपवणारा आहे. पण एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण ८ लाख किलो माती असते, आणि दर ग्रॅमला १० कोटी जिवाणू धरले, जे काही फार नाहीत, तर तिथल्या आठ लाख स्थानिक जिवाणूंमागे बाटलीतला एक येतो. त्या गर्दीत, उन्हात, पाटपाण्यात, तांब्याच्या फवारणीखाली त्याने टिकायचे आणि एकराचा धातू आवरायचा! बेण्याला किंवा रोपाच्या मुळाला प्रक्रिया केली तर मुळाजवळची जागा त्याला आधी मिळते आणि काही आठवडे तो कामी येतो, हे खरे. पिकाच्या सुरुवातीच्या काळात मदत करणे हे त्याचे क्षेत्र. जमीन शुद्ध करणे हे नव्हे. खत नियंत्रण आदेशात नत्र स्थिर करणारे, स्फुरद विरघळवणारे, पालाश आणि जस्त उपलब्ध करून देणारे जिवाणू आहेत, त्यांची मानके आहेत. धातूचे प्रदूषण घालवतो असा दावा तपासण्याचे मानक त्यात नाही. म्हणून तसा दावा करणाऱ्याला शेतकऱ्याने पुरावा मागितलाच पाहिजे.

शेताबाहेरच्या, पैशाची आणि यंत्रांची कमतरता नसलेल्या प्रयोगांतही जिवाणूंनी माणसाला बजावले आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात रायफल येथे जुन्या युरेनियम गिरणीच्या जागेवर २००२ साली भूजलात ॲसिटेट सोडून स्थानिक जिओबॅक्टर जिवाणूंना खाद्य पुरवले गेले. जिवाणू वाढले, विरघळलेले युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात जाऊ लागले, पाण्यातले प्रमाण झपाट्याने उतरले. साधारण ५० दिवसांनंतर सल्फेट वापरणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंनी तेच खाद्य बळकावले, जिओबॅक्टर मागे पडले आणि युरेनियम पुन्हा वाढू लागले. शास्त्रज्ञांनी हे लपवले नाही, प्रसिद्ध केले, त्यातून पुढचे प्रयोग सुधारले. तिथे विहिरींची रांग आणि सतत मोजमाप होते म्हणून चढ-उतार कळला. आपल्या रानात पन्नासाव्या दिवशी कोण मोजणार आहे?

इथेच मूळ अडचण येते. शेतकऱ्याच्या हातात आहे ती जमीन आरोग्य पत्रिका. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १२ घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यातले तांबे आणि जस्त हे कमी पडले का, म्हणजे खत द्यावे का, या दृष्टीने बघितले जातात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक यांचा रकाना त्या कागदावर नाही. म्हणजे रोगाचे निदान करणारी तपासणीच गावात नाही आणि औषध मात्र कृषी सेवा केंद्रात हजर. जिथे धातू नाही तिथे हा खर्च वाया जाईल, जिथे आहे तिथे खोटा दिलासा मिळेल.

सांडपाण्याचा प्रश्न तरी काय नवा आहे! सांगली शहराचे सांडपाणी शेरी नाल्यातून कृष्णेत जाते ही तक्रार कित्येक दशकांची आहे. कुपवाड, मिरज, इस्लामपूर, सातारा, कऱ्हाडजवळचे तासवडे इथे औद्योगिक वसाहती आहेत, गावोगाव जुन्या बॅटऱ्या आणि भंगार हाताळले जाते. यांतल्या कोणत्या ठिकाणाहून किती धातू कुठल्या रानात गेला हे मोजल्याशिवाय कुणाकडेही बोट दाखवणे न्याय्य नाही. पण मोजायचेच नाही आणि शेतकऱ्याला सांगायचे की तुझ्या मातीचे तूच बघ, स्वतःच्या खिशातून जिवाणू आणून सोड, हे तर उघड उघड अन्यायाचे आहे. धातू त्याने आणला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार ‘जैविक शेती’च्या गोड नावाने चालू देता कामा नये. सांडपाणी गाळायचा, मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या टाकीतला गाळ नीट विल्हेवाटीला लावायचा खर्च ज्याचा आहे त्याने तो करायचा. सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात १९९६ साली हेच तत्त्व ठामपणे लावले: प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजायची.

उगमाशी बंदोबस्त केला की काय होते याचे उदाहरण हळदीच्या बाजारपेठेला, म्हणजे आपल्या सांगलीला, कळण्यासारखे आहे. बांगलादेशात हळकुंडाला पिवळा रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट चोळले जात होते. २०१९ साली तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत ते सापडले. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना जागे केले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. हा धातू शेतातून आला नव्हता, बाजारात मिसळला गेला होता, त्यामुळे तुलना पुरी लागू नाही. तरी एक गोष्ट लागू आहेच: तिथे शिसे पचवण्याचा उपाय शोधला नाही, शिसे घालणारा हात धरला.

आणि हात वेळेत धरला नाही तर काय होते ते जपानमध्ये दिसले. तोयामा जिल्ह्यात जिंझू नदीकाठी वरच्या खाणीतले कॅडमियम पाटपाण्यातून भातशेतीत उतरले, भातातून लोकांच्या पोटात गेले. हाडे ठिसूळ होऊन वेदनेने कळवळणाऱ्या बायांच्या कण्हण्यावरून त्या आजाराला ‘इताई-इताई’ नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्य केला. नंतर त्या शेतांवर जिवाणू सोडले नाहीत. वरची दूषित माती गाडली किंवा बदलली, नवी माती आणून घातली, आणि हे काम तीस वर्षांहून अधिक चालले.

मग जिवाणूंना जागा कुठे? मला ती स्पष्ट दिसते. आपल्या द्राक्षबागांत दिसते. हिशेब साधा आहे. एकराला ४०० लिटर एक टक्क्याचे बोर्डो म्हणजे ४ किलो मोरचूद, म्हणजे साधारण १ किलो तांबे. वर्षाला एवढेच धरले तरी ३० वर्षांच्या बागेत ३० किलो. वरच्या अर्ध्या फुटात ते राहिले तर किलोभर मातीमागे ३७ मिलिग्रॅमची भर. केवड्याच्या वर्षी फवारण्या किती होतात ते बागायतदार जाणतो. युरोपीय संघाने तांब्यावर हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली ती याच साठ्याच्या भीतीने. बागेच्या कोपऱ्यात, जिथे वर्षानुवर्षे बॅरल मांडून मिश्रण कालवले जाते, तिथली निळसर झालेली माती हातात घेऊन बघा, गांडूळ सापडते का. त्याच बागेत आपण ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास ठिबकातून सोडतो, आणि आठवड्याने वरून तांबे मारतो. तांबे बुरशीनाशक आहे, जिवाणूनाशकही आहे. एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्याने उपटायचे. जुनी बाग काढून दुसरे पीक किंवा नवी रोपे लावताना हे साठलेले तांबे मुळांना बाधू शकते. तिथे तांबे सोसणारे, मूळ जोमाने वाढवणारे स्थानिक जिवाणू आणि मायकोरायझा खरोखर उपयोगी पडतील. तांब्याच्या बाबतीत पीक आणि माणूस यांचे हित एकाच बाजूला आहे, म्हणून तिथे सुरुवात करावी.

क्रोमियमच्या बाबतीतही आशेला जागा आहे. कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या परिसरातून मिळालेल्या जिवाणूंच्या मदतीने विषारी, पाण्यात सहज वाहणारे सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेच्या, त्यामानाने निरुपद्रवी आणि मातीला चिकटणाऱ्या रूपात नेता येते हे दिसले आहे. मंगलाची ऑक्साइडे असलेल्या मातीत त्यातला काही भाग उलटाही फिरू शकतो, म्हणून तिथेही एकदा करून विसरून चालत नाही.

‘तुमच्यासारख्यांच्या शंकांमुळे संशोधन मागे पडते,’ असे मला कुणी म्हणेल. उलट आहे. संशोधन मागे पडते ते अर्धवट निष्कर्ष दुकानात पोहोचल्यामुळे. फलटण तालुक्यातले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आहे, कसबे डिग्रजला हळदीवर काम चालते, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ पाठीशी आहे. त्यांनी हा विषय घ्यावा. पण प्रयोग कुंडीत थांबू नये. सांडपाण्याच्या रानात, क्षारपड रानात, जुन्या बागेत, सलग तीन-चार हंगाम घ्यावा. आणि अहवालात रोपाची उंची आणि वजन छापून समाधान मानू नये. ज्या भागाला माणूस तोंड लावतो त्यात, म्हणजे पानात, गड्ड्यात, मण्यात, रसात, धातू किती आला तो आकडा पहिल्या ओळीत यावा. उंची वाढली पण पानातले कॅडमियमही वाढले, तर तो प्रयोग फसला असे स्पष्ट लिहावे. हा आकडा नसलेल्या कुठल्याही प्रयोगाला ‘धातूवरचा उपाय’ म्हणायला माझा विरोध राहील.

जिवाणू संवर्धके घ्यायची तर नत्रासाठी घ्या, स्फुरदासाठी घ्या, उसाचे पाचट जाळू नका, ते कुजवा म्हणजे स्थानिक जिवाणूंचे बळ आपोआप वाढेल. धातूच्या नावाने कुणी बाटली पुढे केली तर आधी त्याला विचारा: कोणत्या धातूसाठी, कोणत्या मातीत, आणि पिकाच्या खायच्या भागात तो किती कमी झाला? उत्तर कागदावर मागा.

आणि तुमच्या गावाजवळ नाल्याच्या किंवा कारखान्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे पिके निघत असतील, तर ग्रामसभेत ठराव करा. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार संशयित जागांची यादी करणे हे स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाचे काम आहे, तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे, आणि जबाबदार ठरेल त्याच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च घ्यायचा आहे. ठरावाची प्रत गट क्रमांकांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या, आणि माती, पाणी आणि पीक या तिन्हींच्या नमुन्यांची तपासणी लेखी मागा.